गुरुजी कुणाकडे बघतात

सेनगाव, जि. परभणी
९ डिसेंबर १९९८

प्रिय लिंबाजी,

तुझी मेंढरं, तुझ्या शेळ्या आणि घरातली माणसं (हा क्रम तुझा आहे, माझा नाही) सुखरूप असतील असं धरून चालतो.

काल नरसीला जाऊन आलो. गुरुजींचं चित्र आलंय. मतदार ओळखपत्राचा बोटभर फोटो होता, तेवढ्यावरून हिंगोलीच्या भारत पेंटरनं तैलरंगात दोन हात उंच चित्र काढलंय. काकूंनी ते ओसरीत टांगलंय, गुरुजी ज्या भिंतीला टेकून बसत त्याच भिंतीवर, बैठकीच्या वर. माघात वर्षश्राद्ध. त्या दिवशी सगळे जुने विद्यार्थी बोलावून चित्राला हार घालायचा, असं काकूंच्या मनात आहे. व्यवस्था माझ्याकडे दिली आहे. खाली लिहायचा श्लोकही माझाच. कामाचा माणूस कोण हे काकूंना अजून कळतं, याचं समाधान वाटलं.

ते समाधान साधारण पाव तास टिकलं.

काकू आत चुलीपाशी होत्या आणि मी चित्रासमोर बसलो. संस्कृत शिकलेल्या माणसाची हीच अडचण आहे. दुसरा कुणी म्हणाला असता, ‘वा, हुबेहूब,’ आणि चहा पिऊन निघाला असता. मला विभाव, अनुभाव, संचारी भाव असं सगळं तपासल्याशिवाय चहा उतरत नाही. तेव्हा माझा तपास ऐक.

गुरुजी खुर्चीवर बसलेत. (जन्मात बसले नव्हते, पण चित्रात माणसाला बढती मिळते.) उजवा हात एका लाल पुस्तकावर, करंगळी किंचित उचललेली. पाठ म्हणताना उचलायचे तशीच. इथवर ठीक. पण खुर्चीच्या पाठीवर, त्यांच्या खांद्यामागे, काळं, जाडसर, घडी पडलेलं काहीतरी टाकलंय. मी चष्मा पुसून पाहिलं. लिंबाजी, ती घोंगडी आहे. तू स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची विणून दिलीस ती. जिल्ह्याच्या सत्कारात मिळालेली शाल मी गुरुजींच्या अंगावर घातली होती, जरीकाठी, जांभळी. तिचा चित्रात एक धागा नाही.

हेही मी गिळलं असतं. पण नजर! गुरुजी समोर बघत नाहीत. बुबुळं डाव्या हाताला, जराशी खाली. आणि त्या नजरेत काय आहे म्हणशील तर कुणाची तरी वाट बघून तो माणूस आल्यावर जे चेहऱ्यावर येतं, ते. आता ओसरी डोळ्यांपुढे आण. समोर, बैठकीपासून हातभर अंतरावर कोण बसायचं? मी. सात वर्षं. पुस्तकातून मान वर काढल्याचं मला आठवत नाही, इतका मन लावून. आणि डावीकडे, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या कोपऱ्यात, खिडकीतून लिंबाखालच्या शेळ्यांवर डोळा ठेवून कोण बसायचं?

तेव्हा अभिनंदन. षड्रिपूंपैकी पाच जण वयोमानाप्रमाणे माझ्याकडून निघून गेलेत. सहावा, मत्सर, माझ्या पेन्शनीपर्यंत मुक्कामाला राहील असं दिसतं. त्याची आणि तुझी आता ओळख करून दिली.

तू चित्र बघून ये आणि तुला काय दिसतं ते कळव.

तुझा,
विश्वंभर


डोंगरकडा
२३ डिसेंबर १९९८

विश्वंभर मास्तर, रामराम.

तुमचं पत्र पुनमनं वाचून दाखवलं. मला वाचता येतं, पण तुमचं अक्षर मुंगीवानी अन् माझा चष्मा बोकडानं मोडला. पोरगी इचारती, बाबा, मत्सर म्हंजे काय? म्हणलं, मास्तरला इचार, त्यांच्याकडं पोत्यानं आहे.

हिंगोलीच्या बाजारात बकरे घेऊन गेलो व्हतो, तिथून नरसीला जाऊन आलो. चित्र बघितलं. मास्तर, तुमी घोंगडीचं काहून सांगून राहिले? मला तर आधी पुस्तकच दिसलं. लाल पुट्ठ्याचं. तुमी छापलेलं बावन्न पानाचं पुस्तक लालच व्हतं का न्हाई? गुरुजीचा हात कुठं आहे? तुमच्या पुस्तकावर. माझी घोंगडी कुठं आहे? पाठीमागं. ज्याला हात लावलाय ते जवळचं, का जे पाठीमागं टाकलंय ते? तुमीच सांगा, तुमी शिकलेले.

माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. मला गुरुजीनं ‘रामः रामौ रामाः’ शिकवलं अन् पुढं मेंढरं आली. तुमच्यासारखं पुस्तक माझ्याच्यानं झालं न्हाई. घोंगडी काय, ती कुनीबी इणतंय.

नजरेचं मात्र तुमी बराबर बोलले. समोर बघत न्हाईत. मी माझ्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसलो. बसल्यावर वाटलं, माझ्याकडं बघतेत. मग जरा सरकलो तर वाटलं, न्हाई, माझ्या अंगावरून पल्याड बघतेत. काकूला म्हणलं, ‘काकू, गुरुजी कुणाकडं बघून राहिले हो?’ त्या आत चुलीपुढं बसल्या व्हत्या, भाकरी थापत. धूर झाला तरी मधलं दार सताड उघडं. म्हणल्या, ‘बघू दे की त्यांना, कुठं बघायचं ते.’ अन् हसल्या. गुरुजी गेल्यापासून त्या हसलेल्या मी पाह्यल्या नव्हत्या.

पत्र लिहायला पुनम बसली आहे. ती म्हणती, मास्तरला शाल परत पाहिजे का इचार. मी इचारत न्हाई.

तुमचा,
लिंबाजी


सेनगाव
११ जानेवारी १९९९

प्रिय लिंबाजी,

पुनमला सांग, शाल नको. ती कसरीनं खाल्ली असेल. कसरीलाही जरीची चव कळते, चित्रकाराला कळत नाही.

पुस्तकाचं म्हणशील तर तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस. माझ्या पुस्तकाचा पुट्ठा लाल होता हे खरं, पण लाल पुट्ठ्याच्या पोथ्या गुरुजींकडे बारा होत्या. काळी घोंगडी एकच होती. अनुमान असं करतात.

आणि नजर. तू म्हणतोस पल्याड बघतात. पल्याड काय आहे? दार, आत चूल. गुरुजींना जेवणाची शुद्ध कधी होती? ताट निवून जायचं. तेव्हा पल्याडचं सोड. तुझ्याकडेच बघतात.

आता विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट लिहितो. हसू नकोस. तुझ्या बापानं तुला काढून मेंढरांमागे नेलं ते वर्ष आठवतं? गुरुजी तुला शोधायला निघाले होते. तुमचा तळ रोज हलायचा. तीन दिवस ते उन्हातून गावोगाव विचारत फिरले, ‘इथं मेंढरं बसली होती का?’ शेवटी मेंढरं कोंडायच्या तुमच्या वाघुरीपाशी जमिनीवर बसून तुझ्या बापाशी बोलले. तू परत आला नाहीस ते वेगळं. त्या तीन दिवसांत पाठशाळा बंद होती आणि मी एकटा ओसरीत बसून पाठ केलेलं पुन्हा पाठ करत होतो. पुढच्याच पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. वीस दिवस. आमचं घर नरसीपासून दोन कोस. गुरुजी आले नाहीत.

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. माझ्या वर्गात पंचेचाळीस मुलं आहेत, त्यातल्या चाळिसांची नावं मला येतात. आणि तरी त्या चित्रासमोर बसल्यावर मी अकरा वर्षांचा होतो आणि मोजत बसतो. तीन दिवस तुझे, माझे शून्य.

असो. चित्र मी हिंगोलीला नेलं आहे. वार्निश आणि काचेची चौकट करायची होती. त्यासोबत थोडीफार साफसफाई. श्राद्धाला भेटू. बोकड आणू नकोस, ब्राह्मणाघरचं श्राद्ध आहे.

विश्वंभर


डोंगरकडा
१८ फेब्रुवारी १९९९

मास्तर,

श्राद्धाच्या दिशी गर्दीत बोलता आलं न्हाई, म्हणून लिहून राहिलो.

तुमचा श्लोक चांगला व्हता. कळला न्हाई, पण तुमचं म्हणून व्हईस्तोवर मी हात जोडूनच उभा राह्यलो.

आता चित्राचं. तुमी कापड काढलं, समदे टाळ्या वाजवून राहिले, अन् मी बघतच राह्यलो. घोंगडी गेली. तिच्या जागी नुसता तपकिरी रंग, खुर्चीला पाठ हाय का न्हाई तेबी कळंना. अन् गुरुजीची नजर सरळ. नाकासमोर. शाळेतल्या फोटोत इन्स्पेक्टर बघतो तशी.

तुमी साफसफाई म्हणले व्हते. ही साफसफाई का?

मला घोंगडीचं वाईट वाटलं, व्हय. पण ते जाऊ द्या. तुमी काकूकडं बघितलं का? तुमी हार घालण्यात व्हते. काकू पंगतीला वाढायला भाईर येणार व्हत्या, हातात वरणाचं भांडं. दारात आल्या, चित्राकडं बघितलं, अन् तिथंच थांबल्या. मग भांडं माझ्या हातात दिलं. म्हणल्या, ‘लिंबा, तूच वाढ.’ आत गेल्या अन् मधलं दार लावून घेतलं. आपुन जाईस्तोवर उघडलं न्हाई.

मास्तर, खरं सांगा. तुमी पेंटरला काय सांगितलं?

लिंबाजी


सेनगाव
१ मार्च १९९९

लिंबाजी,

विचारलंस म्हणून सांगतो. मी पेंटरला म्हणालो, गुरूची दृष्टी शिष्यांकडे, समोर असावी, असं शास्त्र आहे. असं शास्त्र कुठं आहे ते तू विचारू नकोस. मी त्याच क्षणी रचलं. आणि घोंगडीबद्दल म्हणालो, पाठीमागचं ते काळं अशुभ दिसतं, पुसून टाक. तो बिचारा म्हणाला, ‘पण बाई काही म्हणतील.’ मी म्हणालो, ‘बाईंनी मलाच नेमलंय.’

एवढंच. आता डाव्या कोपऱ्यातल्या कुणाचा जास्तीचा वाटा नाही. सगळ्यांना समान दृष्टी. समत्वाला गुरुजी फार मान द्यायचे.

काकू त्या दिवशी दमल्या असतील. वर्षश्राद्ध होतं, लिंबाजी. बाईमाणूस. दार लावून घ्यायला चित्रच कशाला हवं?

हे पत्र मी दोनदा वाचलं. शेवटचा परिच्छेद मलाही पटला नाही. तरी पाठवतो.

वि.


डोंगरकडा
६ एप्रिल १९९९

मास्तर, रामराम.

हे कारड मी माझ्या हातानं लिहून राहिलो, नवा चष्मा आला. हसू आवरत न्हाई म्हणून आजच टाकतो.

आमच्या गावात बी-बियाण्याचं दुकान हाय, सोनाजी शेटचं. शेट दिवाळीला वारले. काल तुरीचं बी बघायला गेलो तर गल्ल्यामागं शेटचं नवं चित्र. खुर्चीवर बसलेले. उजवा हात लाल पुस्तकावर. करंगळी उचललेली! अन् खुर्चीच्या पाठीवर काळी घोंगडी, अश्शीच घडी पडलेली. अंगात तोच सदरा, तेच उपरणं. गुरुजीच्या धडावर शेटचं मुंडकं!

मास्तर, शेट आयुष्यभर अंगठा लावत व्हते. त्यांच्या हातात पुस्तक! अन् मी कधी त्यांना घोंगडी दिली न्हाई, तुमी कधी पुस्तक दिलं न्हाई.

खाली कोपऱ्यात लिव्हलंय, भारत आर्ट, हिंगोली. तुमी एकदा जाऊन इचारा. माझ्या घोंगडीचा अन् तुमच्या पुस्तकाचा निकाल लागू द्या.

लिंबाजी


सेनगाव, जि. हिंगोली
(हो, आता असंच लिहायचं. महाराष्ट्र दिनापासून आपण नव्या जिल्ह्याचे झालो. मी मात्र जुनाच आहे.)
२१ मे १९९९

प्रिय लिंबाजी,

तुझं कार्ड महिनाभर खिशात घेऊन फिरलो. जायचं धाडस होत नव्हतं. काल गेलो.

भारत पेंटरचं दुकान म्हणजे पत्र्याचं एक शेड. बाहेर जीपच्या नंबरप्लेटा वाळत होत्या. आत भिंतीला टेकवून, लिंबाजी, दहा धडं उभी होती. मुंडकी नसलेली. सहा पुरुषांची, चार बायकांची. सहाही पुरुषांचे उजवे हात लाल पुस्तकावर. सहाही करंगळ्या उचललेल्या. सहाही खुर्च्यांच्या पाठीवर काळं. युद्ध संपल्यावर कुरुक्षेत्र दिसलं असेल तसं ते दृश्य होतं, फक्त सगळे मेलेले अभ्यासू.

मी म्हणालो, “भारतराव, हे काय?”

तो ब्रश पुसत म्हणाला, “बॉडी, सर. पावसाळ्यात बोर्डाची कामं बंद असतेत, तवा बॉड्या करून ठेवतो. कुनी वारलं की फक्त मुंडकं बसवायचं. दहाव्याच्या आत चित्र पाहिजे असतं लोकायला. सगळं नव्यानं करायला बसलो तर वर्षश्राद्ध निघून जाईल.”

“आणि पुस्तक?”

“पुस्तक ठेवलं की माणूस शिकेल दिसतो. कोन न्हाई म्हणतंय?”

“करंगळी?”

“ती माझी हाय,” तो म्हणाला आणि हात पुढे केला. लहानपणी मोडून तशीच बसली होती. आरशात स्वतःचाच हात बघून काढतो म्हणाला.

“आणि खुर्चीवरचं काळं?”

इथे तो जरा लाजला. “सर, खरं सांगू का? खुर्चीची पाठ मला जमत न्हाई. ती वाकडी येते. म्हणून वर काळं कापड टाकून देतो.”

झालं. पाच महिने मी ज्या घोंगडीचा मत्सर केला ती एका माणसाला खुर्ची येत नाही म्हणून होती. मला हसू यायला हवं होतं. येऊ लागलंही होतं. म्हणालो, “म्हणजे आमच्या गुरुजींच्या चित्रात त्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं म्हणायचं.”

तो म्हणाला, “असं कसं? नजर व्हती की.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“फोटोत ते कॅमेऱ्याकडं बघत व्हते, तसंच मी काढलं. बाई आल्या, बघितलं, म्हणल्या, ‘हे फोटोवाल्याकडं बघतायत. माझ्या उपयोगाचं नाही.’ मी म्हणलं, मग कुणीकडं बघू द्यायचं? तर त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणल्या, ‘चित्र जिथं टांगणार, तिथून डाव्या हाताला माझी चूल आहे. तिकडं.’ तीन बार परत पाठवलं त्यांनी, सर. एकदा म्हणल्या रागीट दिसतेत, एकदा म्हणल्या भुकेले दिसतेत. ‘भाकरीकडं नाही, माणसाकडं बघायचंय,’ म्हणल्या. चौथ्यांदा आल्या, बघत राहिल्या, अन् पदरानं झाकून घेऊन गेल्या.” मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, “तेच तुमी शास्त्रात बसत न्हाई म्हणून सरळ करायला लावलं.”

मी विचारलं, परत तसं करता येईल का. त्यानं ब्रशाचे केस बोटांनी पिंजले. म्हणाला, “बुबुळं सरकवता येतील. पण ते जे आलं व्हतं, ते कसं आलं मलाबी म्हाईत न्हाई.”

लिंबाजी, चित्रात एकच गोष्ट खरी होती आणि मी नेमकी तीच पुसली. तुझ्यावरचा राग काढायला गेलो आणि काकूंच्या वाट्याचं काढून घेतलं. तू लिहिलं होतंस, पल्याड बघतात. धूर झाला तरी दार सताड उघडं, तेही लिहिलं होतंस. मी अनुमानाचे नियम शिकवत बसलो.

तुझी क्षमा मागतो. तू करशील, तुझी सवय आहे. काकूंना कसं लिहू?

विश्वंभर


डोंगरकडा
२९ मे १९९९

मास्तर,

जसं मला लिव्हलं तसंच लिहा. संस्कृत घालू नका.

लिंबाजी


सेनगाव
२ जून १९९९

ती. काकूंच्या पायांशी,

चित्रातली नजर मी बदलायला लावली. शास्त्र वगैरे काही नव्हतं. गुरुजी लिंबाजीकडे बघतायत असं मला वाटलं आणि ते मला सोसलं नाही. तुम्ही ती नजर कुणासाठी मागून घेतली होती, हे मला परवा पेंटरकडून कळलं. तुम्हाला विचारायचं मला सुचलंच नाही; ओसरीतल्या गोष्टीत स्वयंपाकघराला विचारायची आम्हा कुणाला कधी सवयच नव्हती.

लहानपणापासूनचं सगळंच मनात होतं. लिंबाजीला शोधायला ते तीन दिवस फिरले आणि माझ्या तापात वीस दिवसांत एकदाही आले नाहीत, हे मी अजून मोजत होतो. लाज वाटते, पण लिहितो.

पेंटरला मी तुमच्याकडे पाठवतो आहे. तो तुमच्यासमोर बसून, तुम्ही म्हणाल तितक्या वेळा काढील. श्लोकाची पट्टीही काढून टाका. तुम्ही मला घरात येऊ दिलंत तर येईन. नाही म्हणालात तर अंगणातून जाईन.

तुमचा,
विश्वंभर


नरसी नामदेव
१४ जून १९९९

विश्वंभरा,

पत्र पोचलं. एवढंसं लिहिलंस, पण मी तीन दिवस वाचत होते.

पेंटरला पुन्हा पाठवू नकोस. येऊन गेला. त्याला चहा दिला आणि म्हटलं, राहू दे बाबा, त्या डोळ्यांना किती वेळा ब्रश लावायचा. श्लोकाची पट्टी असू दे. त्यात तू मात्रा चुकला आहेस, ते मी मागेच पाहिलं. कुणाला सांगितलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी मला तुझा राग आला होता. बेचाळीस वर्षं ते ओसरीत आणि मी आत. ताट नेऊन ठेवलं तरी डोळे तुम्हा पोरांवर. मला तुमचा हेवा वाटायचा, तुझा आणि लिंबाचा दोघांचाही. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हटलं, आता शिकवणं संपलं, आता बघावं थोडं इकडं. म्हणून त्या पेंटरला तसं सांगितलं, आणि सांगताना या वयात माझे कान तापले. महिना-दीड महिना होतं ते. भाकरी थापताना मान वळवली की होते. तू ते नेलंस.

महिनाभर मी मधलं दार उघडलं नाही. मग वाटलं, त्यांची नजर काही आता वळत नाही, तर आपणच का जाऊ नये? त्यांच्या डोळ्यांसमोर बसायला मला कुणाची परवानगी लागते? आता दुपारी सूप घेऊन ओसरीत बसते, तूर निवडते. अगदी समोर, बैठकीपासून हातभर. तू बसायचास तिथं. जमीन तिथं अजून जराशी खोल आहे.

तुझ्या तापाचं लिहिलंस. ते आले नाहीत हे खरं. का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं, विचारायला हवं होतं.

पण एक सांगते. बैठक तीच आहे, जागा तीच. तिथं बसलं की ते थेट बघतात. तुरीतून मान वर केली की बघतायत, पुन्हा वर केली की बघतायत. शिकवतानाही त्यांचे डोळे दुसरीकडं कुठं जाणार होते? मला तर बाई फार वेळ मान वर ठेवता येत नाही. हे तुला ठाऊक असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. सात वर्षं त्याच जागी बसलास.

मान कधी वर केलीच नाहीस का रे?

येशील तेव्हा दारातून ये. अंगणात उभं राहायचं नाही.

काकू